कोठडीतली पेज

धाकटी जाऊ समितीवर गेली त्या दिवशी मी जेवले नाही. पोट बिघडलंय म्हणून सांगितलं. बिघडलं होतं ते डोकं.

झालं असं की, खनिजाच्या ट्रकांवरून गावात भांडण पेटलं, पोलिसांनी चार जणांना धरून बडवलं, आणि मग वरून हुकूम आला की गावच्या पोलीस चौकीवर गावातल्याच पाच जणांनी नजर ठेवायची. आठवड्यातून एकदा जायचं, कोठडीतल्या माणसांना भेटायचं, वहीत शेरा लिहायचा. पाचांत एक बाई हवी होती. डिचोलीकडच्या आमच्या वाड्यावर मॅट्रिक झालेली बाई एकच, मी. आणि निवडली कोण? चौथी शिकलेली ही! का, तर ट्रक अडवताना फौजदाराला तोंडावर बोलली म्हणून. अगो बाई, तोंड तर मलाही होतं!

तिचं ते काम बघून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. सकाळी पेजेच्या वेळेला टोप कमरेवर घेऊन निघायची. कोठडीतल्यांना ऊनऊन पेज आणि लोणचं. फौजदार तिला बसायला कदेल द्यायचा, पण ही खुर्ची सोडून जमिनीवर बसून वाढायची. कोठडीतल्यांनीही समोर मांडी घालून बसायचं, वाटी दोन्ही हातांनी धरायची आणि तिच्यादेखत संपवायची, असला हट्ट. बाजारात बायका म्हणायच्या, "केवढं काळीज गो तुझ्या जावेचं!" मी हसून मान हलवायची आणि घरी येऊन भांडी आपटायची. एकदा नवरा जेवताना म्हणाला, "धाकटीनं नाव काढलं हां." त्या दिवशी त्याच्या ताटात मी बांगड्याचं नुसतं शेपूट वाढलं.

शेवटी मी कागद घेतला. मामलेदारांना अर्ज लिहिला: कोठडीतल्यांना घरचं अन्न घालणं नियमात बसतं का, त्यातून कोणाला काही झालं तर जबाबदार कोण? खाली 'एक नागरिक'. थोड्याच दिवसांत हुकूम आला, कोठडीत बाहेरचं अन्न बंद. जाऊ रिकाम्या हातांनी जायला लागली. मला काय बरं वाटलं म्हणून सांगू!

आमच्या मागच्या खोलीत सावंतवाडीकडचा एक ट्रक ड्रायव्हर भाड्यानं राहायचा. मला काकी म्हणायचा, सकाळी स्वतःसाठी पाव घेताना माझ्यासाठीही न विसरता घ्यायचा. खाणीवरचं डिझेल चोरीला गेलं आणि पोलिसांनी संशयावरून त्याला उचललं. जाऊ त्याला भेटायला गेली. बाजूला हवालदार उभा. हिनं विचारलं, "मारल्यानी काय रे?" तो म्हणाला, "नाय." वहीत शेरा पडला, तक्रार नाही.

तीन दिवसांनी चोर दुसराच निघाला आणि याला सोडलं. सकाळी तो माझ्या मागच्या दारात येऊन उभा राहिला. मी पाट मांडला, पेज वाढली.

"बस रे."

"रवांदे काकी. उभ्यानच बरां."

मी वाटी त्याच्या हातात दिली तर त्याची बोटं वळेनात. बाही वर सारून बघितली तर मनगटापासून कोपरापर्यंत काळेनिळे वळ.

मी जावेला हाक मारली. तिनं त्याच्याकडे एकदा बघितलं आणि उंबऱ्यावर बसली. "पेज आसती तर माका त्याच दिवशी कळलां असतां," ती म्हणाली. मग तिनं सगळं सांगितलं. हवालदारासमोर विचारलं तर कोण कबूल करणार? पण मार खाल्लेल्याला मांडी घालता येत नाही, वाटी धरता येत नाही. तसा कोणी दिसला की ही 'याला ताप वाटतो' म्हणून डॉक्टर बोलवायला लावायची आणि डॉक्टर आल्याशिवाय तिथून हलायची नाही. पोलिसांना कळेल म्हणून समितीतसुद्धा कोणाला बोलली नव्हती.

"तक्रार करूया," ती म्हणाली. "तुमी लिवा, वयनी."

कागद पुढ्यात आला. मी पेन बाजूला ठेवलं.

"तुझी पेज मी बंद केली," मी म्हटलं. "तो अर्ज माझा होता."

"ठावक आसा. मामलेदारान तेवाच माका दाखयल्यान. घरातले सगळे अर्ज तुमीच लिवतात मगे, तुमचां अक्षर मी वळखूचंय नाय? लिवा आता."

म्हणजे इतके दिवस हे जाणून ही बाई माझ्या चुलीपाशी येऊन बसत होती, माझ्या हातचा चहा पीत होती!

मी लिहायला घेतलं. तो दारात उभाच होता. त्याच्याकडे बघायचं धाडस होईना, लाजेनं मेल्यासारखं झालं होतं. पण खोटं कशाला बोलू? तिच्या जागी मी असते तर शिव्या घालून वाडा डोक्यावर घेतला असता, आणि हिनं एक शब्द काढला नव्हता. लिहिता लिहिता मला तिच्या त्या गप्प राहण्याचाही हेवा वाटत होता.