लीजवर नसलेली वैशाली

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला माझं बाकी सगळं माहीत आहे. मग तुम्हाला का सांगते आहे? मनात ठेवून ठेवून थकले, एवढंच.

मेलबर्नला आपल्याकडच्या विद्यार्थ्यांची रीघ लागली होती, तेव्हाची गोष्ट. ग्लेन वेव्हर्लीत तीन बेडरूमचं भाड्याचं घर. लीजवर, म्हणजे भाडेकरारावर, तीन नावं, त्यातलं एक माझं — आणि राहायचो नऊ जणी. घरमालकाची एजंटबाई घराच्या इन्स्पेक्शनला येणार असली की जास्तीच्या गाद्या गुंडाळून ओळखीच्या एकाच्या व्हॅनमध्ये कोंबायच्या, बाथरूममध्ये तीनच टूथब्रश ठेवायचे आणि सहा जणींनी लायब्ररीत जाऊन बसायचं. यात आम्ही तरबेज झालो होतो.

अशाच एका इन्स्पेक्शनच्या आठवड्यात मी युनिव्हर्सिटीसाठी निबंध लिहीत होते. कारखान्यांमुळे भराभर वाढलेली अमेरिकन शहरं — एकीकडे बग्ग्या, नोकरचाकर, वीस खोल्यांचे बंगले. दुसरीकडे एकेका कोंदट खोलीत पाळीपाळीने झोपणारे आठ-दहा मजूर. वैशालीने तो वाचला आणि हसली. "अगं, हे तर आपलंच घर. तुला फील्डवर्कची गरजच नाही." मला ते आवडलं नाही. त्या खोल्यांमध्ये मी स्वतःला कधी धरलंच नव्हतं.

वैशाली माझ्याच खोलीत, खाली गादी टाकून झोपायची. इंजिनिअरिंगमध्ये मास्टर्स करत होती. पहाटे चिकन पॅकिंगच्या शिफ्टला जायची. माझं आडनाव ऐकून इथली मराठी मंडळी ओळखी काढायची, तिचं ऐकून गप्प व्हायची. तिची आई नागपूरला महापालिकेत सफाई कामगार होती. हे तिने त्या घरात फक्त मला सांगितलं होतं.

इन्स्पेक्शनच्या दिवशी लीजवरच्या बाकी दोघी कामावर होत्या, आणि वैशाली शिफ्टवरून आली तीच तापाने फणफणलेली. लायब्ररीपर्यंत चालवेना. तेव्हा आमचं ठरलं — ती सोफ्यावर बसेल, मी सांगेन कझिन आहे, भेटायला आलीय. पाहुण्यांना मनाई नव्हतीच.

एजंटबाईने विचारलं, ही कोण?

मी म्हणाले — क्लीनर.

बाई खूश झाली. शॉवरच्या फरशांमध्ये बुरशी धरलीय, तेवढी आताच काढून टाकायला सांगा, म्हणाली. वैशाली नाही म्हणाली असती तर नऊ जणी रस्त्यावर आल्या असत्या. तिने फडकं उचललं. त्या तापात गुडघ्यांवर बसून ती घासत राहिली, बाई खोल्यांचे फोटो काढत हिंडत राहिली, आणि मी बाथरूमच्या दारात उभी राहिले. वाकलेसुद्धा नाही. भाडेकरीण कशाला वाकेल?

घाबरून तोंडातून निघून गेलं — किती वर्षं मी स्वतःची अशी समजूत घालते आहे. पण कझिन हा शब्द जिभेवर होता. तो मी गिळला. तिच्याशी नातं सांगायची मला लाज वाटली. आणि दुसरा शब्द शोधावा लागला नाही, कारण तिच्या आईचं काम मला ठाऊक होतं. तिनेच विश्वासाने सांगितलं होतं.

बाई गेल्यावर वैशाली गोळी घेऊन आडवी झाली. मग म्हणाली, "कझिन म्हणायचं ठरलं होतं ना गं?"

"आपण कझिन वाटत नाही गं," मी म्हणाले.

"बरं," म्हणून ती भिंतीकडे वळली. महिनाभरात घर सोडून गेली.

त्या उत्तराला तर भीतीचंही कारण नव्हतं. एजंटबाई निघून गेली होती. घरात आम्ही दोघीच होतो.