नागलीच्या गावात सुमीची पंगत

दिवाळीला धाकटा घरी आला नि म्हणाला, "आई, सुमीला माझ्याकडं घेऊन ये. तिथं गहू पिकतच नाही, सगळी नागली, आपली नाचणी!" हा माझा धाकटा पेठकडच्या एका पाड्यावर मास्तर. मी लगेच पिशवी भरायला घेतली.

सुमी म्हणजे माझी नात, सात वर्षांची. तिला गहू सोसत नाही. पोळी, पाव, शेवया, कुरडई, एवढंसं बिस्किट जरी पोटात गेलं तरी पोट फुगतं, जुलाब होतात, पोर आडवी. डॉक्टर म्हणाले, हे जन्मभराचं. लग्नातसुद्धा पोर डबा घेऊन कोपऱ्यात बसते. "अजून वाढा" म्हणणं तिला ठाऊकच नाही.

तर नाशिक रोडहून आधी स्टँडवर, तिथून पेठची एसटी. सकाळचीच धरा बायांनो, नि आवळासुपारी जवळ ठेवा, घाटात ढवळतं. सुमी मात्र वळणावळणाला "हुर्रे!" कंडक्टर म्हणाला, "आजी, नातीला आवरा, ड्रायव्हर दचकतोय!"

पाड्यावर धाकट्याची घरमालकीण सखूबाई. चुलीपुढं परात, नि परातीत बघते तर कणीक!

"पेठहून मुद्दाम आणली, बाई. पाव्हण्याला काळी भाकर वाढू का? लोक हसतील मला."

धाकट्यानं कपाळाला हात लावला. सुमी गुपचूप आपला डबा शोधायला लागली.

मी म्हटलं, "अहो सखूबाई, कणीक म्हणजे या पोरीला विख. तिला तुमची नागलीच हवी."

"आगं बया, विख?" तिनं कणीक बांधून लांब ठेवली, परात नि तवा राखेनं घासला, कोपरापर्यंत हात धुतले. मग थापल्या भाकरी, ताटाएवढ्या! नव्या तांदळाचा भात, उडदाचं वरण. सुमी सगळ्यांच्या मधोमध मांडी घालून बसली, डब्याशिवाय.

"लाजू नको गं, घे," सखूबाई म्हणाली.

"अजून वाढा!" सुमी ओरडली. मला हसता हसता ठसका लागला. राहिलो तितके दिवस पोरीचं पोट एकदाही दुखलं नाही.

येताना नागली आणली. घरीच जात्यावर दळली, कारण गिरणीत गव्हाचं पीठ उडतं. रविवारी घरात सगळ्यांना तीच भाकरी. आमच्या ह्यांनी ती काळी भाकरी बघून नाक मुरडलं. तशी सुमी टोपली घेऊन त्यांच्यापुढं उभी राहिली.

"आजोबा, लाजू नका, घ्या!"