दिवसा घातलेली कडी

आमच्या अनसिंगात सकाळी उघडलेलं दार दिवेलागण होऊन गेली तरी सताड उघडंच असतं. दिवसा दार बंद दिसलं की लोक ठरवून टाकतात: घरात मयत झाली, कोणी आजारी पडलं, नाहीतर भानगड आहे. आईवडील गेल्यापासून त्या घरात मी एकटीच. लग्न केलं नाही, करायचंही नव्हतं. आठवडाभर वाशिमच्या एका कचेरीत कारकुनी करते. रविवारी विहारातली वंदना आटोपली, जेवण झालं, की आतून कडी घालते.

आत काय करते? काही नाही! केस मोकळे सोडून गाऊनवर गार लादीवर उताणी पडते. तेवढा वेळ मी कोणाची बहीण नाही अन् कोणाची मॅडम नाही. एवढीच माझी भानगड.

मग गल्लीतल्या बायकांना विरजण कमी पडायला लागलं. दर रविवारी भर दुपारी कडी वाजणार, बाहेर एखादी बाई वाटी घेऊन उभी. "ताई, थोडुसं इरजन हाय काय?" अरे, मी कोरा चहा पिणारी बाई! माझ्या घरात दूध येत नाही हे अख्ख्या गल्लीला पाठ. तरी मी मुकाट उठून दार उघडायची, अन् बाई माझ्या खांद्यावरून मागच्या खोलीत बघायची. एक तर मांजर शिरलं म्हणत पलंगाखाली वाकली होती.

कोणी सापडलं नाही, म्हणून संशय आणखी वाढला. पुरुष सापडला असता तर चार दिवस बोलून मोकळ्या झाल्या असत्या. बाई एकटी, अन् खुशीत, हे कोणाच्या गळी उतरेना.

वाशिमला राहणाऱ्या दादापर्यंत वास गेलाच. "लोकं काय म्हनून राह्यले, मालूम हाय काय तुले? दिवसा दार कायले लावतं? उघडं ठेव, नाहीतर माह्याकडं राह्यले ये. घर भाड्यानं देऊन टाकू." घर आम्हा दोघांच्या नावावर. मला धडकीच भरली. तेव्हापासून मीही संशयी झाले. कोणी "बरी हाय काय, ताई?" म्हटलं तरी वाटायचं, ही कोणाला जाऊन सांगणार? अशा जगण्याचा मला मनस्वी राग यायचा.

एका रविवारी समोरच्या घरची सून आली. हातात वाटी होतीच.

"माह्या घरी दूध येत नाही, ठाऊक नाही काय तुले?" मी खेकसले.

"ठाऊक हाय. आत्याबाईनं पाठवलं, पाहून ये म्हने." तिनं मान खाली घातली. "ताई, मले जरासं आत बसू देता काय? दार लावून?"

मी आधी तिच्या मागे गल्लीत कोण उभं आहे ते पाहिलं. कोणी नव्हतं. आत घेतलं, तरी मनात आलंच, सासूनं ही नवीन युक्ती शिकवली असेल. तिनं मात्र मागच्या खोलीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. वाटी खाली ठेवली, डोक्यावरचा पदर काढला, भिंतीला टेकली अन् झोपली. सोंग करते म्हणून मी टक लावून बसले. थोड्या वेळानं ती चक्क घोरायला लागली. घरी हिला दुपारी पाठ टेकायला मिळत नसणार, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

तेवढ्यात कडी जोरात वाजली. "दार उघड!" दादाचा आवाज; वाशिमहून न सांगता आला होता. मागून तिच्या सासूचा, "माही सून इरजन आनाले गेली ते आलीच नाही वापस!"

ती दचकून उठली. तोंड पांढरंफटक. मी मागच्या दाराकडे बोट दाखवलं. तिनं त्या दाराकडे पाहिलं, मान हलवली अन् परत भिंतीला टेकून बसली.

सवयीनं माझा हात कडीवर गेला होता. आजवर मी दार उघडत आले ते आत कोणी नाही हे दाखवायला. आज आत कोणीतरी होतं. हात तिथंच थांबला अन् माझी मलाच चीड आली. काहून दाखवत होते मी? कोणाला?

"आज नाही उघडत, दादा."

"उद्याच भाडेकरू पाहातो!"

"पाहा. माही सही लागन."

त्यानं दारावर थाप मारली. "कोन हाय आत?"

"मी हावो," मी म्हटलं.

माझ्या मागून, मोठ्या आवाजात ती बोलली, "अन् मीबी हावो, आत्याबाई."