जयाच्या रिकाम्या जागा

आमच्या देवळाली प्रवऱ्याच्या अंगणवाडीत जया मदतनीस होती. तिथली सेविकेची जागा रिकामी होणार होती आणि तिला ती हवीच होती. पण त्यासाठी बारावी पास लागत होतं आणि बारावीचा इंग्रजीचा पेपर दोनदा आडवा आलेला. म्हणून खिचडीची भांडी घासून झाली की ती माझ्याकडे शिकायला यायची. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवते. माझा राग नाकावर असतो हे गावाला ठाऊक आहे, जयाला मात्र त्याचं काडीचं भय नव्हतं.

बाकी बरं चाललं होतं. घोडं अडायचं ते क्रियाविशेषणापाशी. वाक्यात रिकामी जागा होती : शेतकऱ्याने पाण्याची वाट कशी पाहिली? पेशंटली की अँग्रिली, शांतपणे की रागाने? जयाने डोळे झाकून अँग्रिली भरलं.

"अगं, पेशंटली!"

"बाई, पाटाला पानी सुटलं की वरचेच सगळं वढून घेत्यात. खालच्यानं शांत कसं बसायचं? आमचे हे तर खोरं घेऊन गेल्ते."

मी कपाळावर हात मारला. "पेपर तपासणाऱ्याला तुझे हे माहीत नाहीत. पुस्तकातली माणसं शहाण्यासारखी वागतात. वागू दे त्यांना!"

पटलं नाही, तरी तिने पाठ केलं. पुस्तकातले पोलीस धीटपणे लढतात, पोरं मन लावून अभ्यास करतात. "लई गुनाची मानसं हायेत," ती म्हणायची आणि आम्ही दोघी हसत सुटायचो.

निकाल लागला. जया पास! मी तिला मिठीच मारली. पण पेढा देताना तिचं तोंड उतरलेलं.

"आता काय झालं?"

"पेपरात हुतं, आईनं लेकराला कसं भरवलं. हरिडली, म्हंजे घाईनं, का लव्हिंगली, मायेनं. मी लव्हिंगली लिवलं." तिने पेढ्याचा पुडा खाली ठेवला. "माझी आई ऊसतोडीला जायाची. एका हातात कोयता, दुसऱ्या हातानं घास कोंबायची तोंडात. तिला कुठली सवड? पास व्हायला मी खोटं लिवलं, बाई."

मला भरून आलं की मी रागावतेच. "येडे, कोयता हातात असताना भरवायचं सुचलं तिला. खोटं कसं झालं?"

जयाने डोळे पुसले आणि पाथर्डीला आईला फोन लावला. आईने हॅलोसुद्धा म्हटलं नाही. "जेवलीस का गं?" तिने विचारलं.

जया पास झाल्याचं सांगायचंच विसरली.