हळदीची तार आणि कुंकवाची तार

आमच्या टू-सीटरचं इंजिन चालता चालता बंद पडायचं. खड्डा आला की बंद, किल्ली जरा हलवली की पुन्हा सुरू. दोष किल्लीच्या स्विचमध्ये आहे एवढं मला कळलं होतं. त्यापुढचं फारसं कळलं नव्हतं.

गाडी बसकी, उघडी, शर्यतीच्या धाटणीची. बेळगावच्या कॅम्पातला एक गोरा अधिकारी बदलून गेला, त्याच्याकडून मी ती घेतली होती. तीत दोनच माणसं बसत. चार मुलांच्या बापाने अशी गाडी का घ्यावी हा प्रश्न घरात वरचेवर निघे.

सासरे निपाणीला असत. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. बेळगावच्या डॉक्टरांनी दोनदा घरी येऊन तपासलं, शस्त्रक्रियेचा दिवस दिला आणि दोन्ही वेळा सासरे घराच्या उंबऱ्यावरून मागे फिरले. एकदा अमावास्या आडवी आली, एकदा निपाणी-बेळगाव सर्व्हिस मोटारीचे हिसके सोसणार नाहीत असं निघालं. आता आणखी लांबवलं तर दृष्टी हाती लागणार नाही, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. अशात धाकटा मेहुणा निपाणीहून निरोप घेऊन आला.

"दाजी, आप्पा तयार झाल्यात. पर तुमच्या गाडीतनंच येणार म्हणत्यात. उद्या जेवायच्या आत गाडी दारात आली तर यायचं, न्हाय तर हा विषय पुन्हा काढायचा न्हाय, असं म्हणाल्यात."

"आणि वाटेत ती बंद पडली तर?" बायकोने विचारलं. हे तिने माझ्याकडे बघून विचारलं.

नवा स्विच मुंबईहून पार्सलने आलेला होता. कॅम्पातला मिस्त्री गावाला गेला होता. तेव्हा काम मलाच करायचं होतं, आणि कागदावर मांडलं तर ते सोपं होतं. जुन्या स्विचला चार तारा. त्या सोडायच्या आणि नव्याला लावायच्या. दोन्ही स्विचांवर तीच चार अक्षरं उठवलेली होती, फक्त त्यांच्या जागा वेगळ्या होत्या. कोणती तार कोणत्या अक्षराची एवढं ध्यानात राहिलं की झालं.

दुपारी बॅटरीची जोडणी सोडून मी डॅशबोर्डखाली डोकं घातलं. तारांवरचं सुती वेष्टण तेलाने आणि धुळीने सगळं एकाच रंगाचं झालं होतं. खळीने कागदाचे आकडे चिकटवून पाहिले. तेलामुळे ते टिकेनात. शेवटी बायकोने देवघरातून करंडा आणून दिला.

"हे लावा. रंग तरी ओळखता येतील."

मला ते पटलं. कॉइलला जाणाऱ्या तारेला, म्हणजे जिच्यामुळे इंजिन चालतं तिला, हळद. हॉर्नच्या तारेला कुंकू. बॅटरीकडून येणाऱ्या तारेला बुक्का. चौथी कोरी. पाण्यात कालवून बोटाने नीट माखलं, आणि तारा सोडल्या. त्या मागे निसटू नयेत म्हणून मेहुण्याने मुठीत धरल्या. मी जुना स्विच आवळून धरणारी चाकी, म्हणजे नट, काढत बसलो. चाकी गंजली होती. बराच वेळ गेला.

नवा स्विच बसवून मी म्हटलं, "हं, हळदीची दे."

मेहुणा मुठीत बघत राहिला.

"हळदीची न्हाय ह्यात."

मी वाकून पाहिलं. एक काळी, एक कोरी, दोन लाल. पिवळी तार नव्हतीच.

"तुम्ही कुंकूच दोनदा लावलासा, दाजी."

माझ्या बोटाला हळद होती. मी बोट त्याला दाखवलं, स्वतःही दोनदा पाहिलं. बायको बाहेर आली, तिनेही पाहिलं. हळद मीच दिली, तुम्ही माझ्यासमोर लावलीत, असं ती म्हणाली. आम्हा दोघांची साक्ष एक होती आणि तारा काही वेगळंच सांगत होत्या.

"वीज खेळत असंल आत," मेहुणा म्हणाला. "तिच्या धगीनं रंग भाजला."

"बॅटरी सोडलेली आहे."

"मग राहिली असंल थोडी."

हे खरं असण्यासारखं नाही हे मला माहीत होतं, पण दुसरं काही सुचत नव्हतं. म्हणून मी त्यावरही थोडा वेळ विचार केला.

तेवढ्यात बायकोने भावाचा हात धरून उलटा केला. तो तंबाखूच्या वखारीत वाढलेला. तारा धरून बसल्या बसल्या त्याने एकदा तंबाखू मळली होती, आणि अंगठ्याच्या पेरावर चुना तसाच होता.

"हळदीला चुना लागला की काय होतं, ठाऊक आहे ना रे? आई कुंकू कशाचं करायची?"

"मला काय ठाऊक? मी लावतो व्हय कुंकू?"

कारण कळलं, पण त्याने काम पुढे सरकलं नाही. दोन लाल तारांतली खरी कुंकवाची कोणती आणि चुन्याने लाल झालेली कोणती, हा प्रश्न जागच्या जागी होता. बायको म्हणाली, लिंबू पिळा, चुन्याचा रंग उतरेल, हळद पुन्हा पिवळी होईल. हे ऐकून मला फार बरं वाटलं. लिंबू आणलं. एका तारेवर पिळलं, ती पिवळी झाली. मेहुणा म्हणाला, हीच हळदीची. मी पडताळा म्हणून दुसरीवरही पिळलं. तीही पिवळी झाली.

आम्ही तिघं त्या दोन पिवळ्या तारांकडे बघत उभे राहिलो.

"कुंकू घरचं आहे," बायको हळूच म्हणाली. "म्हणजे तेही हळदीचंच."

आता ठरवण्यासारखं काही उरलं नव्हतं. दोनच शक्यता होत्या आणि दोन्ही सारख्याच. मी एक धरली, चारही स्क्रू आवळले, आणि दिवस मावळला म्हणून हात धुतले. त्या घाईत एका पितळी स्क्रूची चीर पेचकसाने पार खाल्ली.

सकाळी बॅटरी जोडली, किल्ली फिरवली, स्टार्टर ओढला. इंजिन पहिल्या हिसक्याला लागलं. मेहुणा टाळी वाजवून मोकळा झाला. मी किल्ली उलटी फिरवली. इंजिन चालूच. किल्ली काढून हातात घेतली, तरी चालू. हॉर्नचं बटण दाबलं तर एरवी किल्लीशिवाय वाजणारा हॉर्न गप्प. किल्ली घालून फिरवली की मात्र हॉर्न वाजे.

"म्हणजे आता किल्ली हॉर्नची हाय," मेहुणा म्हणाला.

दोन्ही तारांची अदलाबदल झाली असणार, हे मी मनात मांडलं. पण त्या हिशेबाने किल्लीशिवाय इंजिन चालायला नको, असंही वाटलं. मग वाटलं, नाही, तेच व्हायला हवं. दोनदा मांडलं, दोनदा वेगळं आलं. आणि तो स्क्रू सोडवायचा तर दुपार झाली असती.

"चालतेय ना?" बायको म्हणाली. "बंद कशी करायची ते आल्यावर बघा. माझे वडील तिकडे उंबऱ्यावर बसले असतील."

मी निघालो. वाटेतलं काकती गाव मागे पडलं तरी माझं मांडणं चालूच होतं. खड्डे आले, इंजिन बंद पडलं नाही. आता ते बंद पडूच शकत नव्हतं.

निपाणीत दाराशी पोचलो तेव्हा सासरे पागोटं घालून तयार होते, पण चेहरा मागच्या दोन वेळचाच होता.

"या जावईबापू. बंद करा ती. चहा घ्या. मला आज जरा कणकण वाटतीया."

"बंद होत नाही, आप्पा."

"न्हाय होत म्हंजे?"

"किल्लीने होत नाही. गिअरमध्ये घालून ब्रेक दाबला तर होईल. पण मग परत लागेल का, ते मला सांगता येत नाही."

ते आवाजाच्या दिशेने मान वळवून उभे राहिले. गल्लीतली माणसं जमली. कणकण किती आहे हे सांगायला त्यांना ओरडावं लागलं असतं, आणि ते ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. शेवटी मी हात दिला आणि ते बसले. गाडी इतकी बसकी की त्यांना जवळजवळ रस्त्यावर बसल्यासारखं वाटलं असावं. दोन्ही हातांनी त्यांनी दार घट्ट धरलं.

गावाबाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, किल्लीने का बंद होत नाही. मी सगळं सांगितलं. हळद, चुना, लिंबू, दोन पिवळ्या तारा, आणि दोनदा मांडून दोनदा वेगळं आलेलं उत्तर. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हंजे, तुमास्नीबी कळलं न्हाय?"

"नाही."

"आन तरी आलासा."

"आलो."

त्यांनी मान माझ्या दिशेने वळवली. मग म्हणाले, "त्यो डॉक्टर मला दोनदा सगळं सांगून गेला. डोळ्यात काय करणार, कसं करणार. माझी लेक मान हलवत हुती, मुलगा मान हलवत हुता. मला एक अक्षर कळलं न्हाय. मला वाटलं, मी एकटाच."

मी म्हटलं, मलाही कळलं नव्हतं, मीही मान हलवली होती. त्यांनी दारावरचा एक हात काढून मांडीवर ठेवला.

डॉक्टरांच्या फाटकाशी मी गाडी वरच्या गिअरमध्ये घातली आणि ब्रेकवर पाय दाबला. ती एकदा मोठी थरथरली आणि बंद पडली. पाय उचलला तर ती पुन्हा सुरू होईल की काय हे मला ठरवता येईना, म्हणून मी तसाच बसून राहिलो. सासरे चाचपडत आपले आपण उतरले, कंपाउंडरला हाक मारली आणि माझी वाट न बघता त्याच्याबरोबर पायऱ्या चढून आत गेले.