आधी समजवा, मग कापा

ऑपरेशनच्या खोलीच्या दारात माझी मोठी जाऊ चाकाच्या गाडीवरून खाली उतरली. अंगात दवाखान्याचा झगा, केस फडक्यात बांधलेले, पाय अनवाणी. दाराची कडी धरून म्हणाली, "कॅन्सर म्हणजे काय असते ते मले आधी समजवा, मग कापा." आत डॉक्टर हात धुऊन तयार, बाहेर तिचा नवरा, म्हणजे माझे भासरे, डोकं धरून बसलेले, आणि मी तिच्या चपला घेऊन उभी. खुद्द मरण न्यायला आलं असतं, तर त्यालाही हिनं ओट्यावर बसवून आधी सगळं विचारून घेतलं असतं.

लग्न होऊन आले तेव्हापासून मी हेच पाहिलं. घरात शिलाई मशीन आली, तर धागा खालून वर कसा येतो हे बघायला हिनं ती खोलली. परत जोडली, पण दोन स्क्रू उरले. ती मशीन जन्मभर कुरकुरली. रामटेकला माहेरी जाताना एसटीत ड्रायव्हरच्या मागे बसून, कोणत्या दांड्यानं काय होतं ते विचारत राहायची. शेवटी कंडक्टर वैतागून म्हणाला, "बाई, तुमीच चालवा ना." ही उठलीच! धर्म बदलल्यावर तर आणखी चेव आला. विहारात वंदना चालू असताना मध्येच, "भन्तेजी, याचा अर्थ?" मी पदर ओढला तर म्हणे, "न समजता डोकं टेकवाचं होतं, तं जुनं काय वाईट होतं वं?"

आणि अशा बाईनं गाठ मात्र लपवली. छातीत सुपारीएवढी होती. दुखत नाही, म्हणजे आजार नाही. जगाला प्रश्न विचारणारीनं स्वतःच्या गाठीला एकही विचारला नाही. लिंबाएवढी झाली तेव्हा भासऱ्यांनी तिला दवाखान्यात ओढत आणलं.

तर डॉक्टर ओले हात वर धरून बाहेर आला. पोरसवदा होता, पण शांत. म्हणाला, "बाई, शरीर बारीक बारीक पेशींचं असतं. नव्या होतात, जुन्या मरतात, सगळं मापात. एखादी बिघडते. ती थांबत नाही, आपल्यासारख्या आणखी करत जाते."

"बाहेरून आली?"

"नाही. तुमचीच आहे."

"मंग अंगाले ओळखू काहून नाही आली?"

"तुमचीच, म्हणूनच."

ही एकदम म्हणाली, "रानधान!" आणि डॉक्टरलाच शिकवू लागली. "धानात आपोआप उगवते ते. पान तसंच, रोप तसंच, उलट जास्त हिरवं. निंदणारीच्या हाताले समजत नाही. लोंबी आल्यावर समजते, तं कापणीच्या आधीच दाणे झडून जातात. पुढच्या साली बांधीभर, साऱ्या वावरात तेच."

"तेच," डॉक्टर म्हणाला. "याचे दाणे रक्तातून जातात, दुसरीकडे रुजतात. म्हणून घाई."

"मंग तुमी उभे काहून? चला लवकर!" स्वतःच गाडीवर चढली. "आजूबाजूचंही पाहा, नुसतं वरून छाटू नका." बोलता बोलता तिनं त्याचा हात धरला, म्हणून त्या बिचाऱ्याला पुन्हा हात धुवावे लागले.

बरी झाली आणि मोहल्ल्याला ताप झाली. नळावर, मयतीत, लग्नाच्या मांडवात, दिसेल त्या बाईला आडोशाला ओढायची. "दुखते का ते नाही विचारून राहिली मी. गाठ हाये का?" बायका घागरी टाकून पळायच्या. एकदा मला न्हाणीत गाठलं.

"जाऊबाई, काही नाही मले. सोडा!"

"तुले काय समजते वं? हात वर कर."

हरभऱ्याएवढी निघाली. मी कोणाला काही विचारलं नाही. गाडीवर मुकाट्यानं पडले.

पुढे काही वर्षांनी तिला खोकला लागला. त्याच डॉक्टरनं छातीचा फोटो काढला. तिनं तो खिडकीशी धरून नीट पाहिला. "तेव्हाच झडला होता ना दाणा?" डॉक्टरनं मान डोलावली. "तुमी बराबर निंदलं जी," तिनंच त्याला समजावलं. "मीच हिरवं पाहून ठेवलं."

मशीन आता माझ्याकडे आहे. कुरकुरते. ते दोन स्क्रू कुठले, हे काही समजत नाही, आणि मी खोलून बघणारी नाही.

खोकला लागला त्याच साली, धानाला लोंब्या यायच्या आधीच ती गेली. मी वाचले.