उष्टी हळद

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकींना नाही. तसं माझं छान चाललंय — घर आहे, नातवंडं आहेत, दुपारी पडलं की डोळा लागतो. मग आता कशाला उकरून काढायचं? माहीत नाही. पण तुम्ही बसलाच आहात, तर ऐका.

बहात्तरच्या दुष्काळात माझ्या थोरल्या भावाचं, दादाचं, लग्न झालं. आम्ही सोनारीकडचे, वहिनी नळदुर्गची. लग्न आमच्याच दारात. मी करवली — सतरा वर्षांची, मिरवायची कोण हौस! आणि नेमकं तेव्हाच उजव्या हाताच्या अंगठ्यापाशी गळू. दवाखान्यात सुया घेतल्या. बसायचं आणि पुन्हा वर यायचं. डॉक्टर म्हणाले, हे औषधाला जुमानत नाही. पू लागेल तिथं पसरेल. चिंधी सोडू नकोस, कुणाच्या अंगाला हात लावू नकोस.

पण चिंधी बांधलेल्या हातानं कुणी हळद लावतं का? मी ती सोडली. हळद तर स्वतःच औषध, तिच्यानं काय व्हायचंय — अशी मनाची समजूत घातली. आधी दादाला लावली. मग त्याची उरलेली, उष्टी हळद घेऊन वाजतगाजत नवरीकडं गेले. तिच्या मानेला, पाठीला मीच चोळली. दादाला आंघोळीला घागरभर पाणी मिळालं. तिच्या वाट्याला तांब्याभर आलं.

थोड्याच दिवसांत वहिनीच्या पाठीवर गळवं उठली. एक फुटलं की शेजारी दुसरं. सुया लागू पडेनात. आई सगळ्यांसमोर म्हणाली, "पोरीचं रक्तच नासकं हाय. फसवलं आपल्याला." वहिनी खाली मान घालून उभी होती. दादा माझ्याकडं वळला. "तुझ्या हाताला गळू हुतं न्हवं? त्याचंच तर न्हाय?"

आणि मी — मी हात पदराखाली घेतला. "माझं कवाच बरं झालतं. हळदीच्या आधीच."

खोटं. साफ खोटं. का बोलले? मला बघायला पाहुणे यायचे होते. नासक्या रक्ताची ती ठरली, की मी सुटत होते — एवढाच विचार केला. सांगताना आजही लाज वाटते.

तिला माहेरी धाडलं. ती तिकडं असतानाच माझं लग्न झालं. पुढं सोलापूरच्या डॉक्टरांनी वेगळं औषध दिलं, तेव्हा कुठं तिची गळवं थांबली. दादा आईशी भांडून तिला घेऊन आला. मला माणूस चांगलं मिळालं, संसार सुखाचा झाला. वहिनीचाही झाला. आमचं दोघींचं सख्ख्या बहिणींसारखं आहे — खरंच आहे. फक्त तेव्हापासून तिनं कुणाच्या हळदीला हात लावला नाही. दोष आपल्या रक्तातच आहे, असं ती धरून बसलीय.

तिच्या लेकीच्या लग्नात बायकांनी तिला पुढं ओढलं. ती उंबऱ्यातच थांबली आणि हळदीची वाटी माझ्या हातात दिली. "तुमीच लावा, वन्सं. तुमचा हात चांगला हाय."

मी लावली.